न उघडलेली क्वेरी

कॉम्प्युटरला काहीही विचारता येतं असं लोकांना वाटतं. नोकरी लागली तेव्हा मलाही वाटायचं. पुढं कळलं, की त्याला ठरवून दिलेलं तेवढंच विचारता येतं, आणि नेमकं जे विचारायचं असतं ते कुणी ठरवून दिलेलं नसतं. मग तिथं माणूस बसवतात. लातूरच्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत असा बसवलेला माणूस मी. बावीस वर्षं झाली. खुर्ची तीनदा बदलली, मी तोच आहे.

काम समजायला अवघड नाही. रक्त देणाऱ्यांची नावं, गट, गाव, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं, हे सगळं आमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळ्या फायलींत भरलेलं आहे. त्यातून काही शोधायचं तर प्रश्न एकदा नीट मांडून साठवून ठेवायचा. त्या साठवलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. औशाचे ए पॉझिटिव्हवाले, ज्यांनी तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही, अशी एक क्वेरी. पुढच्या वेळी नुसतं तिचं नाव टाकायचं, की यादी छापून हातात. यादी चुकली तर मात्र क्वेरीला कुणी बोलत नाही, मला बोलतात.

माझ्या आधी त्या खुर्चीत एक बाई होत्या; पहिली बरीच वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. मूळच्या नांदेडच्या, नोकरीसाठी लातुरात राहिलेल्या. आमच्या बहुतेक क्वेऱ्या त्यांनीच बांधल्या. त्यांची एक रीत होती. क्वेरीला नाव द्यायचं ते त्यात काय आहे त्यावरून नाही, कुणी मागितली त्यावरून. उदगीरच्या शिबिराच्या सरांनी यादी मागितली, क्वेरीचं नाव 'उदगीरसर'. एका चष्मेवाल्या अधिकाऱ्यानं तालुकावार आकडे मागितले, क्वेरीचं नाव 'चष्मेवाले'. 'देवणीमामा', 'कडकसाहेब', 'पुन्हाआले' अशी सगळी नावं, इंग्रजी अक्षरांत, दहा अक्षरांच्या आत बसवलेली. मी एकदा म्हणालो, बाई, यातून कुणाला काय कळणार? त्या म्हणाल्या, काय मागितलं ते मी विसरते, कोण दारात उभं होतं ते विसरत नाही. त्यांचं खरंच तसं होतं. पण त्या निवृत्त होऊन नांदेडला लेकीकडं गेल्या आणि दारात उभं राहिलेल्यांतला एकही माणूस मला ठाऊक नव्हता.

यंदाच्या उन्हाळ्यात ट्रस्टनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. पुण्याहून दोन इंजिनिअर आले. त्यांनी सगळ्या फायली बघितल्या आणि एका फायलीपाशी थांबले. तिचं नाव 'जुने दाते'. कॉम्प्युटर नवा आला तेव्हा कागदी रजिस्टरं बघून बाईंनी ती टाइप केली होती. यातली माणसं नव्या फायलीतही आहेत, मग ही कशाला, असं इंजिनिअरचं म्हणणं. फरक एकच होता. जुन्या फायलीत शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता, आणि बाई त्यात वाट्टेल ते लिहीत. "राशी-मळणीनंतर फोन करा." "मुलीचं लग्न आहे, मे सोडून." "बायको उचलते, तिलाच सांगा, ती पाठवते." नव्या सॉफ्टवेअरमध्ये असल्या गोष्टींना जागा नव्हती.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की ही फाईल कोणकोणत्या क्वेऱ्या वापरतात ते शोधा, त्या नव्या फाईलवर वळवा, मग ही बंद करू. त्यांना वाटलं दुपारपर्यंत होईल. आमच्या जुन्या यंत्रणेत क्वेरीला विचारता येतं, की तू कुठली फाईल वापरतेस. फाईलला विचारता येत नाही, की तुला कोण वापरतं. म्हणजे एकेक क्वेरी उघडायची, तिचा तपशील छापायचा, दुसऱ्या पानावर फायलींची नावं असतात ती वाचायची आणि वहीत टिपायची. क्वेऱ्या होत्या तीनशे एक्केचाळीस.

पहिले दोन दिवस उत्साहात गेले असं म्हणालो तर खोटं होईल. पहिल्या तासातच जांभया सुरू झाल्या. त्रेपन्नाव्या वर्षी माणसाला हिरव्या अक्षरांकडं बघवत नाही. बाहेर ऊन, आत कुलर, कुलरमध्ये पाणी नाही, कारण नळाला आठ दिवसांनी पाणी आणि टँकरवाला फोन उचलत नाही. घरून आणलेले धपाटे एकच्या सुमाराला खायचे आणि परत 'कडकसाहेब' उघडायचे. त्यात असायचं काय, तर वीस वर्षांपूर्वीच्या एका शिबिराच्या चहापाण्याला किती माणसं होती त्याची यादी. नाकी नऊ आले. घरी गेलो की बायको म्हणायची, दिवसभर बसूनच तर असता, थकता कशानं?

आमच्याकडं दर शुक्रवारी एक यादी निघते. तिचा आणि पुढच्या सगळ्याचा संबंध आहे, म्हणून नीट सांगतो. काही मुलांच्या अंगात रक्त टिकत नाही. त्यांना दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त द्यावं लागतं, जन्मभर. त्यांतल्या निगेटिव्ह गटाच्या मुलांसाठी दाते आधी हुडकून ठेवावे लागतात, कारण निगेटिव्हवाले मुळात थोडे. शुक्रवारची यादी म्हणजे पुढच्या आठवड्यात कुणाकुणाला फोन करायचे त्यांची नावं. माझ्या शेजारच्या खोलीत फोनवर बसणारी एक ताई आहे, तिशीतली, बोलायला गोड आणि हिशेबाला पक्की. ती यादी घेते, एकेकाला फोन लावते, हो म्हणाला की त्याच्यापुढं खूण करते.

या मुलांमध्ये जळकोटची एक मुलगी आहे, नऊ वर्षांची, बी निगेटिव्ह. आई अंगणवाडीत असते. दर तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी दोघी पहाटेची एसटी धरून, उदगीरला गाडी बदलून येतात. रक्त चढायला चार तास लागतात. त्याआधी मुलगी माझ्या खोलीत येते आणि वाया गेलेल्या याद्यांचे कागद मागते, मागची कोरी बाजू चित्रं काढायला. कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या ती फाडून घेते आणि बांगड्या करते. मी फारसं बोलत नाही. कागद देतो. मला तिचं नाव ठाऊक आहे, पण माझ्या डोक्यात ती गट आणि तारखेनंच येते, याची आता लाज वाटते.

अर्ध्याहून जास्त क्वेऱ्या झाल्यावर नांदेडच्या शाखेत बैठक होती, म्हणून बसनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेलो आणि संध्याकाळी बाईंकडं गेलो. तरोडा नाक्याजवळ लेकीचा फ्लॅट. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावून बाई पलंगावर बसलेल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून मी उरलेल्या क्वेऱ्यांची नावं वाचत गेलो आणि त्या सांगत गेल्या. हा माणूस किनवटचा, आईला रक्त मिळालं म्हणून दर दिवाळीला यायचा. ही बाई देगलूरची, निम्मं तेलुगूत बोलायची. 'पुन्हाआले' म्हणजे एक पत्रकार, त्याला आकडे कितीही दिले तरी पुरत नसत. लेकीनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, शेंगदाणे घालून. तो खाता खाता तासभर गेला आणि माझं काम दोन दिवसांनी कमी झालं. बाईंनी सांगितलं त्या क्वेऱ्या मी न उघडताच निकालात काढल्या नाहीत, एवढं माझ्या बाजूनं सांगतो. परत येऊन उघडल्या, फक्त डोकं खाजवत बसावं लागलं नाही. सगळ्या तशाच निघाल्या, जशा त्यांनी सांगितल्या.

फक्त एक नाव मी वाचलं नव्हतं. 'पोरगं'. ते माझं नाव. मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात सगळ्यांत लहान होतो आणि बाई मला तेव्हापासून पोरगंच म्हणत, माझ्या डोक्याचे केस पांढरे झाले तरी. मी शिकाऊ असताना सरावाला म्हणून त्यांनी माझ्यासाठी एक क्वेरी बांधून दिली होती, ती हीच असणार असं मी धरून चाललो होतो. स्वतःचीच क्वेरी उघडून काय बघायची?

मी चपला घालत होतो तेव्हा बाईंनी विचारलं, "तुझी पाहिलीस का रे? पोरगं?"

"पाहिली की," मी म्हणालो.

पाहिली नव्हती. खोटं बोलण्यासारखं त्यात काही होतं असंही नाही. शेवटची बस गाठायची होती, पाय दुखत होते, आणि नाही म्हणालो असतो तर बाईंनी त्याचीही गोष्ट सांगितली असती. माणूस थकला की त्याच्या तोंडून पहिलं जे येतं ते सोपं असतं, खरं असेलच असं नाही. बाई काळ्या चष्म्यातून माझ्याकडं बघत राहिल्या, म्हणजे चेहरा माझ्या दिशेला होता. मग म्हणाल्या, बरं, पाहिलीस तर ठीक आहे.

वहीत शेवटी सतरा क्वेऱ्या निघाल्या 'जुने दाते' वापरणाऱ्या. सतराही नव्या फाईलवर वळवल्या. शुक्रवारची क्वेरीही उघडून पाहिली होती. तिच्या तपशिलात 'जुने दाते' हे नाव नव्हतं. फायलींच्या यादीत मधेच एक 'पोरगं' असं नाव होतं. ते दिसलं आणि मी पुढं गेलो. काहीतरी जुनं राहून गेलं असेल असं वाटलं. हे लिहिताना मला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

दोघांतला एक इंजिनिअर हुशार होता. तो म्हणाला, फाईल काढून टाकली आणि चुकून एखादी क्वेरी राहिली असली तर ती मोडेल. त्यापेक्षा फाईल जागेवर ठेवू, फक्त आतून रिकामी करू. काहीच मोडणार नाही. त्यानं सगळ्या नावांची एक प्रत बाजूच्या डिस्कवर घेतली आणि फाईल रिकामी केली. खरोखरच काही मोडलं नाही. क्वेरीचा स्वभाव असा, की रिकामी फाईल दिली तरी ती तक्रार करत नाही. वर मथळा छापते, तारीख छापते, खाली रेघ मारते आणि थांबते.

पहिल्या शुक्रवारी ताई कोरी यादी घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, या आठवड्यात कोणालाच फोन नाही वाटतं. मी म्हणालो, नसेल. दुसऱ्या शुक्रवारीही तसंच. तेव्हा ती हसून म्हणाली, बरं झालं, घसा तरी बरा होईल. मीही हसलो. मलाही बरंच वाटलं होतं, उगीच नाही म्हणत नाही. काम संपलं, यादी लहान झाली, यात संशय घेण्यासारखं काय आहे, असं थकलेल्या माणसाला वाटतं. यादी लहान व्हायची असती तर ती मुलं बरी व्हायला हवी होती, आणि ती बरी होत नसतात. एवढं साधं गणित दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी जळकोटची मुलगी आली. कागद मागायला माझ्या खोलीत आली नाही. मी अकराच्या सुमाराला पाणी प्यायला बाहेर गेलो तर बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. ओठ पांढरे. आई मला बघून उठायला गेली, पण मुलीचं डोकं मांडीवर असल्यानं तशीच बसली.

"सर, पिशवी न्हाई म्हणायलेत आत," ती म्हणाली. "कवा येईल ते बी सांगंनात. पोरगी लई थकली हो."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आत गेलो. डॉक्टर फ्रिजपाशी उभे होते. ते आमच्याकडं येऊन दीडच वर्ष झालं असेल. बी निगेटिव्हची एकही पिशवी नव्हती. ओ निगेटिव्हचीही चालली असती; एक होती, ती सकाळीच एका बाळंतिणीला गेली होती. नांदेडच्या शाखेतही नव्हती, ते शोधतो म्हणाले, उद्यापर्यंत काही झालं तर कळवतो म्हणाले. डॉक्टर मला म्हणाले, हिचं रक्त इतकं खाली आलंय की मला उद्याची वाट बघायची नाही. मग ताईकडं वळून विचारलं, फोन केले नव्हते का? ताईनं टेबलावरून दोन कोऱ्या याद्या काढल्या आणि पुढं केल्या. यादीच कोरी आली, ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं.

मी खोलीत येऊन दार लोटून घेतलं. शुक्रवारची क्वेरी उघडली. फायलींच्या पानावर ते नाव होतं, 'पोरगं'. एका क्वेरीतून निघालेली यादी दुसऱ्या क्वेरीला फाईल म्हणून देता येते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मग तीनशे एक्केचाळिसांतली ती एकटी, मी न उघडलेली क्वेरी उघडली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत असल्यानं कुणाचा जीव टांगणीला लागत नाही.

पहिल्या ओळीत फाईल होती, 'जुने दाते'. दुसऱ्या ओळीत अट होती, गट निगेटिव्ह. तिसरीत, शेवटच्या रक्तदानाला तीन महिने झालेले. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, दाता क्रमांक दोनशे सहा सोडून.

दोनशे सहा माझा नंबर आहे. माझा गट बी निगेटिव्ह.

मी सरावासाठी बांधून घेतलेली क्वेरी ही नव्हतीच. खरं काय ते लगेच आठवलं, आणि इतकी वर्षं ते कसं विसरलो याचं नवल वाटत राहिलं. नोकरीच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत मी नेमानं रक्त द्यायचो. ऑफिसातलाच निगेटिव्हवाला म्हणजे हाताशी असलेला नळ. तीन महिने भरले की बोलावणं. एके वर्षी वडील गेले. तेरावं करून मी कामावर आलो त्याच सकाळी ताईच्या आधीच्या फोनवालीनं विचारलं, आज देता का? मी दिलं. देऊन उठलो आणि बाईंच्या टेबलापाशी जाऊन म्हणालो, माझं नाव यादीतून काढा, मला आता कुणी विचारू नका. रागानं नव्हतो म्हणालो. कंटाळून म्हणालो होतो. बाईंनी मान डोलावली. त्यानंतर मला खरंच कुणी विचारलं नाही, आणि पुढं मीही कुणाला सांगितलं नाही. माझ्या ओळखपत्रावर गट छापलेला आहे, पण ते खिशात असतं.

म्हणजे दर शुक्रवारी सगळ्या निगेटिव्ह दात्यांतून आधी मला वगळायचं, आणि मग उरलेल्यांची यादी करायची, असं ते यंत्र अकरा वर्षं करत होतं. माझ्या नावानं. मी तिथंच शेजारी बसून धपाटे खात होतो.

किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही, पण फार नसेल. खरं सांगायचं तर त्या बसण्यात एक क्षण असाही होता, की नांदेडहून येईलच उद्या पिशवी, असं मनात आलं. वय झालं, सकाळी रक्तदाबाची गोळी घेतलीय, असंही आलं. शरीर थकतं ते एक, मन थकलं की ते वकिलासारखं बोलायला लागतं. मग मी उठलो आणि डॉक्टरांना जाऊन सांगितलं, माझा बी निगेटिव्ह आहे.

"तुमचा?" ते म्हणाले. रक्तदाबाची गोळी घेतो, हेही मी सांगितलं. गोळी कुठली ते त्यांनी विचारलं, दाब मोजला, बोट टोचून रक्त तपासलं आणि खाटेकडं हात केला.

पिशवी भरायला दहा मिनिटं लागली. तपासण्या, रक्तातल्या लाल पेशी वेगळ्या काढणं, मुलीच्या रक्ताशी जुळवून बघणं, यात दुपार गेली. पावणेपाचला तिच्या हातात सुई गेली. आईला दाता कोण ते सांगत नाहीत, तसा नियम आहे, आणि तो नियम त्या दिवशी मला फार बरा वाटला. तिनं माझे आभार मानले असते तर मी कुठं बघितलं असतं? दारातून एकदा डोकावलो. मुलगी जागी होती आणि नळीतून थेंब पडताना मोजत होती.

बिस्किट आणि चहा झाल्यावर मी बाईंना फोन लावला होता. सगळं सांगितलं. पाहिली म्हणालो होतो, पाहिली नव्हती, हेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं रे. तू चपला घालत बोलत होतास."

मी विचारलं, बाई, शुक्रवारची यादी माझ्या क्वेरीवर का अडकवली होती? त्या म्हणाल्या, तुझं नाव फायलीतून पुसायचं नव्हतं मला. पुसलं की ते परत कुणी लिहीत नाही. म्हणून फाईल तशीच ठेवली आणि तुझ्या नावानं एक गाळणी बांधली, आणि शुक्रवारची यादी त्या गाळणीतून घ्यायला लावली. तुझं मन बदललं की तेवढी एक ओळ काढली असती. पुढं मी निवृत्त झाले. त्या दिवशी म्हणूनच विचारलं तुला. आता डिस्कवरची नावं परत भर आणि तुझ्या नावापुढचा शेरा वाच, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरनं डिस्कवरून फाईल परत भरली. त्याला मी तोंड वर करून काही सांगितलं नाही, फक्त म्हणालो, ही फाईल राहू द्या. साहेबांपुढं मात्र सगळं कबूल केलं, कारण कोऱ्या यादीचा ठपका ताईवर बसत होता. साहेब रागावले, लेखी मागितलं, मी लिहून दिलं. तीनशे चाळीस क्वेऱ्या उघडल्या आणि एक उघडली नाही, एवढंच त्यात लिहिलं. शेऱ्याचा रकाना नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालायला अजून कुणी तयार नाही. तोवर जुनं आणि नवं दोन्ही चालू आहे, म्हणजे माझं काम दुप्पट झालं.

सगळे गेल्यावर मी 'जुने दाते' उघडून दोनशे सहा नंबर काढला. नाव, गट, लातूर, जुना फोन नंबर. शेवटी शेऱ्याचा रकाना. बाईंनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, नेहमीसारखं: "सध्या थकलाय. परत विचारायचं."

अकरा वर्षं तो शेरा तिथं होता. तो कुणाच्या नजरेला पडू नये अशी व्यवस्था मीच मागून घेतली होती. खुर्चीत मागं टेकलो आणि रडलो. वयाला शोभेल असं नव्हतं ते, पण खोलीत कुणी नव्हतं. मग फोन नंबर बदलून नवा घातला, 'पोरगं' क्वेरी उघडली आणि चौथी ओळ काढून टाकली. क्वेरीचं नाव तेच ठेवलं.

जळकोटची मुलगी पुढच्या तिसऱ्या बुधवारी आली, कागद घेऊन गेली. त्यानंतरही दर तिसऱ्या बुधवारी येत राहिली. परवाच्या शुक्रवारी यादी निघाली, मी न बघता ताईला दिली. तो दिवस वाईट होता. नवं सॉफ्टवेअर सकाळपासून बंद, डोकं दुखत होतं, टँकर आला नव्हता. चारच्या सुमाराला माझा मोबाइल वाजला. भिंतीपलीकडून ताईच बोलत होती, तिचा आवाज दोन्ही कानांत येत होता.

"नमस्कार दादा, रक्तपेढीतून बोलते. तुम्हाला तीन महिने झालेत. जळकोटच्या मुलीसाठी बुधवारी येता का?"

उठून माझ्या खोलीत येऊन विचारलं असतं तरी चाललं असतं, पण यादीत नाव आहे म्हणजे फोन करायचा, हे तिचं काम. मी म्हणालो, ताई, आज लई थकलोय. तिनं थांबून विचारलं, मग काय लिहू? मी म्हणालो, थकलाय असं लिहा, आणि बुधवारी येतो असंही लिहा.

तिनं दोन्ही लिहून घेतलं आणि पुढचा नंबर लावला.